रोजच्या वापराला एकच गाडी असेल तर जुनी क्लासिक घ्यावी की नवी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, बहुतेक वेळा मागे पत्नी. वर्षातून दोन-तीन वेळा लांबचा प्रवास. इंजिन कधी उघडलेलं नाही, पण शिकायची मनापासून इच्छा आहे. एकीकडे लोखंडी इंजिनाची (म्हणजे बिडाच्या सिलिंडरची), उजव्या पायात गिअर असलेली जुनी बुलेट चालू स्थितीत मिळतेय, दुसरीकडे तोच चेहरामोहरा असलेली रॉयल एनफिल्डचीच नवी साडेतीनशे सीसीची गाडी आहे. घरात दुसरी दुचाकी नाही. काय घ्यावं?

माझं उत्तर: आत्ता नवी घ्या. जुनी नंतर घ्या, आणि घ्याच.

असं का, ते सविस्तर सांगतो. कारणं कळली की तुमची परिस्थिती थोडी वेगळी असली तरी निर्णय तुमचा तुम्हाला करता येईल.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरात दुसरी दुचाकी नाही. जुनी गाडी सारखी बिघडते म्हणून रोजच्या वापराला नको, असं लोक सांगतात. ते अर्धंच खरं आहे. नीट बांधलेलं जुनं इंजिन वर्षानुवर्षं मुकाट चालतं. पण त्याला लागणारा वेळ तुमच्या सोयीने देता येत नाही. मंगळवारी सकाळी पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) जळाले किंवा क्लचची केबल तुटली तर काम तासाभराचंच असतं, पण ते मंगळवारी सकाळीच करावं लागतं. दुसरी गाडी दाराशी असेल तर तेच काम रविवारी निवांत होतं आणि करताना मजाही येते. एकच गाडी असलेला माणूस घाईत मिळेल तो पार्ट लावतो, तुटलेल्या बोल्टच्या जागी मापात न बसणारा बोल्ट ठोकतो आणि "आजचा दिवस जाऊ दे" म्हणतो. माझ्या हाताखालून दोन्ही प्रकारच्या गाड्या जातात. जुन्या गाड्यांची जी दुर्दशा मी बघतो, त्यातली बरीचशी वयामुळे नसते, अशा घाईच्या दुरुस्त्यांनी झालेली असते.

आता "क्लासिक" म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवू.

पहिली म्हणजे खरोखरची जुनी. पॉइंट, कार्ब्युरेटर, ड्रम ब्रेक, इंजिनापासून वेगळा गिअरबॉक्स. तुम्हाला मिळणारी बुलेट यातली: ३४६ सीसी, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). ट्रायम्फची १९५९ साली आलेली मूळ बॉनेव्हिल याच पंगतीतली. दुसरी मधली पिढी. दिसायला जुनी, हवेवर थंड होणारी, पण आत इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पुढे डिस्क आणि बहुतेकींना सेल्फ. १९९९ ची कावासाकी डब्ल्यू ६५०, २००१ च्या सुमाराची ७९० सीसीची बॉनेव्हिल आणि बुलेटची २००८ नंतरची युनिट कन्स्ट्रक्शन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये असलेली) इंजिनं यात येतात. यामाहाची एसआर ४०० सुद्धा इथेच धरतो. तिला शेवटी शेवटी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं, पण २०२१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत सेल्फ काही आला नाही. काही जणांना ती नेमकी त्यासाठीच हवी असते आणि मला ते पटतं. तिसरी नवी पिढी. २०१६ पासूनच्या पाण्यावर थंड होणाऱ्या बॉनेव्हिल, होंडाची सीबी ३५०, आणि रॉयल एनफिल्डच्या मिटिऑरबरोबर २०२० साली आलेलं, पुढच्या वर्षी त्यांच्याच क्लासिक ३५० मध्ये बसलेलं ३४९ सीसीचं जे-सिरीज इंजिन.

भांडण नेहमी पहिल्या आणि तिसऱ्या पिढीत लावलं जातं आणि मधली विसरली जाते. तिच्याकडे नंतर येतो.

जुन्या गाडीचा ठोका नव्यात नाही, ही तक्रार खरी आहे. तो भ्रम किंवा निव्वळ आठवणींचा हळवेपणा नाही, त्याची कारणं इंजिनात आहेत. लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील, कमी कॉम्प्रेशन आणि बॅलन्सरचा अभाव. फ्लायव्हील जड असल्यामुळे एका स्फोटापासून दुसऱ्या स्फोटापर्यंत इंजिन स्वतःच्या वजनावर फिरत राहतं, म्हणून अगदी कमी फेऱ्यांवरही ते बंद न पडता ओढतं आणि प्रत्येक ठोका सुटा जाणवतो. टॉप गिअरमध्ये चाळीसवर येऊन हळूच ॲक्सिलरेटर दिला की ती जशी उचलते, ते सुख खरं आहे. जे-सिरीजचा स्ट्रोक अजूनही लांबच आहे, ८५.८ मिमी, आणि बोअर ७२. पण आत बॅलन्सर शाफ्ट फिरतो आणि पिस्टनच्या वर-खाली होण्यातून येणारा बराचसा हादरा तो मारून टाकतो. आवाज राहतो, हादरा जातो. ज्याला हादराच हवा होता त्याला ती गाडी सपक वाटणार.

ताकदीचा फरक मात्र लोक समजतात तेवढा नाही. जुन्या साडेतीनशेची अठराच्या आसपास अश्वशक्ती, नवीची २०.२. फरक पडतो तो इंजिन कोणत्या वेगाला खूश असतं यात. लोखंडी बुलेट साठ-सत्तरला दिवसभर चालवा, तिची काही तक्रार नसते. नव्वदला हँडल आणि फूटरेस्ट झिणझिणायला लागतात, आणि हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. त्याच हादऱ्याने नट सैल होतात, बल्बची तार तुटते, मडगार्डची पट्टी चिरते, नंबरप्लेट गळून पडते. नवी गाडी नव्वदला तासन्तास जाते आणि मागे बसलेल्या माणसाचे पाय बधिर होत नाहीत. तुमच्या रस्त्यावरची वाहतूक कोणत्या वेगाने धावते ते बघा. साठने धावत असेल तर जुनी गाडी तिथे घरच्यासारखी चालेल. नव्वदने धावत असेल तर रोज तुमच्या मागे कोणीतरी हॉर्न वाजवत असेल आणि तुम्ही इंजिनाला त्याच्या मर्जीविरुद्ध पळवत असाल. म्हणून जुनी गाडी तपासायला नेताना दहा मिनिटांची फेरी मारून परत येऊ नका. दहा मिनिटांत सगळ्यांनाच ती आवडते. विकणारा तयार असेल तर तासभर चालवा, पत्नीला मागे बसवून, तुमच्या नेहमीच्या वेगाने.

आता ब्रेक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळ्या गोष्टी आवडीनिवडीच्या आहेत, ही नाही.

ड्रम ब्रेक वाईट नसतो. नीट सेट केलेला, शूज ड्रमच्या गोलाईला घासून बसवलेला ड्रम शहरातल्या वेगाला पुरतो. पण तो सेट केलेला असावा लागतो, केबल ताणत जाते म्हणून पुन्हा पुन्हा करावा लागतो, पाण्यात भिजला की पहिला दाब वाया जातो, आणि लांब उतारावर तापला की पकड सोडत जातो. डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने थंड होते, पॅड झिजले तरी तेलाचा दाब ती झीज आपोआप भरून काढतो. मोठ्या प्रमाणात बनणाऱ्या गाड्यांना पुढची डिस्क मिळाली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० पासून, आणि इलेक्ट्रॉनिक एबीएस १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० वर आलं. म्हणजे जुनी बुलेट ज्या काळात घडली, त्या काळातल्या वेगाला आणि वाहतुकीला तिचे ब्रेक साजेसे होते. आज तुमच्या पुढे धावणारी कार त्या काळातली नाही. ती एकदम थांबते.

आकड्यात सांगतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समजा एक गाडी ६ मीटर प्रति सेकंद वर्ग दराने वेग कमी करू शकते आणि दुसरी ४ ने. हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत; कोरड्या रस्त्यावर डिस्क-एबीएसवाली गाडी सवयीच्या हाताला पहिल्यापेक्षाही बरं करते, आणि दुर्लक्षित ड्रम दुसऱ्यापेक्षा वाईट. पहिली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण ४१ मीटरवर थांबते. दुसरीला ६२ मीटर लागतात. पण वीस मीटर जास्त एवढ्यावर हे संपत नाही. पहिली जिथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी ४६ ने पुढे जात असते. समोर ट्रक उभा असेल तर एक चालक त्याच्यामागे थांबलेला असतो आणि दुसरा ४६ च्या वेगाने त्याच्यावर आदळतो. मागे माणूस बसवून रोज जायचं असेल तर हा हिशेब मनात ठेवूनच गाडी निवडा.

एबीएस अंतर कमी करतं म्हणून हवं असं मी म्हणणार नाही. पावसात, वाळूवर, रंगवलेल्या पट्ट्यांवर, घाबरून ब्रेक करकचून दाबल्यावर पुढचं चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून हवं. पुढचं चाक लॉक झालं की गाडी खाली जाते, आणि सावरायला मिळतो तो क्षण अनुभवी माणसालाही पुरत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. उजवीकडे गिअर म्हणजे पायाचा ब्रेक डावीकडे, आणि गिअरचा क्रमही उलटा: पहिला वर, बाकीचे तीन खाली. याची सवय होते, आठवड्याभरात होते. पण ती सवय शांत डोक्याची असते. कुत्रं आडवं आलं की पाय आधीच्या सवयीने चालतो. आजवर डावीकडे गिअर असलेल्या गाड्या चालवणारा माणूस अशा वेळी उजवा पाय दाबतो, ब्रेकऐवजी गिअर पडतो. तुम्ही रोज फक्त ही जुनी गाडीच चालवणार असाल तर हे निभावतं. मित्राची, भावाची, ऑफिसातल्या कोणाची गाडी मधूनमधून हातात येत असेल तर पाय कायम गोंधळलेला राहतो.

दिव्यांचं थोडक्यात: सहा व्होल्टची गाडी असेल तर अंधाऱ्या रस्त्यावर रात्री नेऊ नका. बारा व्होल्टची असेल तरी नुसता जास्त वॅटचा बल्ब लावून भागत नाही, अल्टरनेटर तेवढी वीज बनवतो का ते बघावं लागतं, नाहीतर रात्रभरात बॅटरी उतरते आणि स्विचमधल्या वायरी तापतात.

दुरुस्ती आणि देखभालीत जुनी गाडी खरी जिंकते. पण ज्याला हात काळे करायचे आहेत त्याच्यासाठीच.

लोखंडी बुलेटचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांमधला खेळ) कसे सेट करतात ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. सिलिंडरच्या बुडाशी, उजव्या बाजूला, एका नटावर बसलेलं छोटं झाकण असतं. ते काढलं की आत दोन पुशरॉड उभे दिसतात, एक इनलेटचा, एक एक्झॉस्टचा. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून बघायचा. तो गोल फिरला पाहिजे, अडखळता कामा नये, आणि तरी वर-खाली हलवल्यावर अजिबात खेळ जाणवता कामा नये. फिलर गेज लागत नाही, बोटंच गेज. फिरत नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळणार. खेळ असेल तर टकटक येणार. चेकनट सैल करायचा, ॲडजस्टर केसभर फिरवायचा, चेकनट आवळायचा आणि पुन्हा बोटांनी बघायचं, कारण आवळताना माप हमखास हलतं. पहिल्यांदा करणाऱ्याला यात सकाळ जाते. नंतर चहा थंड व्हायच्या आत होतं. तुम्हाला हे वाचताना हात शिवशिवले असतील तर जुनी गाडी तुमची आहे. हे सगळं कोणीतरी दुसऱ्याने करून द्यावं असं वाटलं असेल तर तेही ठीक आहे, पण मग जुनी गाडी घेऊ नका, कारण हे नीट करून देणारी माणसं कमी होत चालली आहेत.

किकचंही तसंच. कॉम्प्रेशन लागेपर्यंत किक हळू दाबायची, ॲम्पिअर मीटरचा काटा मधोमध आला म्हणजे पॉइंट उघडले, मग डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) ओढून पिस्टन टोकाच्या किंचित पुढे न्यायचा, लिव्हर सोडायचा, आणि मग शेवटपर्यंत एक भरपूर किक. अर्धवट मारलेली किक उलटते आणि घोट्याला किंवा पोटरीला जोरात लागते. ठिणगीचं टायमिंग पुढे गेलेलं असेल तर आणखीच.

नव्या गाडीत यातलं जवळपास काही करावं लागत नाही. बटण दाबा आणि निघा, थंडी असो, घाट असो, उंची असो. हवेच्या दाबाप्रमाणे पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतं. त्याची दुसरी बाजू अशी, की बिघाड झालाच तर रस्त्याच्या कडेला तुमच्या हातात फार काही नसतं. पेट्रोल पंप टाकीच्या आत, सेन्सर ठिकठिकाणी, आणि सगळ्यांना बॅटरी जिवंत हवी. बॅटरी पूर्ण मेली तर इंजेक्शनवाली गाडी ढकलूनही सुरू होत नाही, कारण पंप फिरायलाच वीज नसते. हे प्रसंग कमी येतात, फार कमी. पण येतात तेव्हा टेम्पो बोलवावा लागतो. जुन्या गाडीचे प्रसंग जास्त येतात आणि त्यातले बरेचसे दोन पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढ्यावर सुटतात.

आणखी एक गोष्ट जुनीच्या बाजूने लिहायलाच हवी. पंचवीस-तीस वर्षांनी काय? लोखंडी इंजिनाचा बुश लेथवर बनवता येतो, सिलिंडरला लायनर मारता येतो, व्हॉल्व्हची सीट बदलता येते. १९५५ पासून भारतात तेच मूळ डिझाइन कितीतरी दशकं बनत राहिलं, म्हणून पार्टही मिळतात, जरी बाहेरच्या पार्टचा दर्जा बघून घ्यावा लागतो. आजच्या गाडीचं ईसीयू किंवा एबीएसचं युनिट कंपनीने बनवणं थांबवलं की काय करायचं, याचं उत्तर कुठल्याही लेथवाल्याकडे नाही. नवी गाडी तुम्ही दहा-पंधरा वर्षं निर्धास्त वापराल. नातवाला द्यायची गाडी मात्र मला तरी जुनीच वाटते.

पेट्रोलचा विषय अलीकडे फार महत्त्वाचा झालाय. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या गाडीला मानवत नाही. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते आणि ते जळताना हवा कमी मागतं, म्हणून कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) मिश्रण पातळ पडतं. इंजिन गरम चालतं, ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. जेट एक-दोन नंबर वाढवून हे सुधारता येतं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसून पत्रा गंजवतं. जुन्या रबरी नळ्या आणि सील त्याने फुगतात, मऊ पडतात. ईसीयू असलेली नवी गाडी ऑक्सिजन सेन्सर वाचून स्वतःच जुळवून घेते आणि तिचे पाइप-सील याच इंधनासाठी बनवलेले असतात. जुनी घेतलीत तर पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आल्या आल्या बदला आणि गाडी फार काळ उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोल साठतं तो कप्पा) रिकामं करून ठेवा.

तुम्हाला जी बुलेट मिळतेय ती "चालू स्थितीत" आहे असं तुम्ही म्हणता. या दोन शब्दांवर काहीच ठरत नाही. बघायला जाण्याआधी विकणाऱ्याला सांगा की गाडी आधी सुरू करून ठेवू नका. पोहोचलात की पहिल्यांदा सिलिंडरवर हात ठेवा. गरम लागला तर विनम्रपणे सांगा, उद्या येतो. थंड इंजिन पहिल्या पाच किकमध्ये कसं सुरू होतं, पहिल्या मिनिटाला काय आवाज येतो, कसला धूर येतो, यात सगळं कळतं. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी झाकतं.

धूर बघताना एक बारकावा लक्षात ठेवा. या इंजिनात ऑइलचा साठा क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असतो, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर ते ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. सुरू केल्यावर मिनिटभर निळा धूर येतो आणि मग साफ होतो. त्याला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही ॲक्सिलरेटर दिला की निळा धूर येत राहिला तर मात्र रिंगा किंवा बोअर गेलाय, म्हणजे इंजिन उघडणं आलं. खोल, जड ठोका खालून येत असेल, विशेषतः लोड घेताना, तर बिग एंड (क्रँकवरचं कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग) गेलंय. ते काम मोठं आहे.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावा, पुढचं चाक अधांतरी करा, फोर्क खालून धरून पुढे-मागे हलवा. खडखड आली तर बॉल रेसर (हँडलची बेअरिंग) सैल किंवा झिजलेले. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. मध्यभागी खाच लागल्यासारखं अडकलं तर रेसर बदलावे लागणार. मागचं चाक आडवं हलवून स्विंग आर्मचा बुश बघा. टायरची नक्षी किती उरलीय एवढंच बघू नका, बाजूला चार आकडे असतात ते वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान आणि टायर दहा वर्षांचा, अशा गाड्या हमखास भेटतात, कारण त्या उभ्याच असतात. आणि इंजिन नंबर, चॅसी नंबर कागदाशी एकेक अक्षर जुळवून पाहा. नंबराजवळची जागा घासलेली दिसली तर गाडी कितीही सुंदर असो, परत फिरा.

चकचकीत रंग आणि नवं क्रोम बघून भुलू नका. मी ताज्या रंगाच्या गाडीपेक्षा थोडी मळलेली, जुन्या मालकाने बारा-पंधरा वर्षं सलग वापरलेली, मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ सायलेन्सर असलेली गाडी केव्हाही घेईन. रंगाखाली वेल्डिंग लपतं. वापरातली गाडी स्वतःची कुंडली उघडी ठेवते. अर्धी सुटी केलेली, "थोडंसंच काम बाकी आहे" अशी गाडी तर पहिली गाडी म्हणून मुळीच घेऊ नका. हरवलेले पार्ट कोणते, हे ज्याने कधी इंजिन बघितलं नाही त्याला कळणार कसं?

आता मधल्या पिढीकडे. शिकायची इच्छा आहे आणि जुनेपणाही हवाय, पण रोज निघायचंही आहे, असं तिढ्याचं गणित असेल तर ती फार चांगलं उत्तर आहे. पॉइंट नाहीत म्हणून टायमिंग सरकत नाही. बहुतेकींना कार्ब्युरेटर आहे म्हणून तो साफ करायला, जेट बदलायला शिकता येतं. डिस्क आहे, गिअर डावीकडे आहे. एबीएस बहुतेकींना नाही, आणि तुम्ही मागे माणूस बसवणार आहात, म्हणून तुमच्यासाठी मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. एकट्याने जाणारा, सावध चालवणारा माणूस असता तर पहिल्यावर ठेवली असती.

शिकायला जुनीच गाडी लागते असंही नाही. नवी घेतल्यावर वॉरंटीला धक्का न लागू देता चेन साफ करणं आणि ताण मापात ठेवणं, ब्रेक पॅडची जाडी बघणं, केबलला ऑइल देणं, चाक काढून लावणं, स्पार्क प्लगचा रंग वाचणं हे सगळं करता येतं. टॉर्क पाना घ्या आणि पुस्तकात दिलेल्या मापानेच नट आवळायची सवय लावा. वर्षभर हे केलंत की हाताला नट "बसला" आणि "ताणला" यातला फरक कळायला लागेल. तो कळल्यावर लोखंडी इंजिनाला हात लावलात तर आटे जाणार नाहीत. जुन्या गाडीवरच शिकायला सुरुवात करणारे पहिल्या महिन्यात ॲल्युमिनियमच्या केसचे आटे मारतात आणि मग बिचाऱ्यांचा उत्साह मावळतो.

हे सगळं वाचूनही मन जुन्या बुलेटवरच अडकलं असेल, आणि पत्नीचीही तयारी असेल, तर घ्या. फक्त पहिला महिना ती रोजच्या कामाला लावू नका, तेवढे दिवस बसने जा. इंजिन, प्रायमरी (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा कप्पा) आणि गिअरबॉक्स तिन्हीचं वंगण बदला; काढलेलं इंजिन ऑइल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात धातूची चमक आहे का बघा. दोन्ही टायर आणि ट्यूब नव्या. चारही ब्रेक शू नवे, ड्रमला घासून बसवलेले. सगळ्या केबल नव्या, आणि क्लच व ॲक्सिलरेटरची एकेक जास्तीची केबल टाकीखाली जुनीच्या शेजारून ओढून ठेवा, म्हणजे तुटली तर टोकं बदलून पाच मिनिटांत निघता येतं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवायला मी आडकाठी करणार नाही. ठोका तोच राहतो आणि सकाळची किक सोपी होते. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सिलिंडर हेडपासून मडगार्डपर्यंत प्रत्येक नटाला पाना लावून बघा. दिवसा, एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर चालवा, आणि डावा पाय ब्रेकवर न विचार करता जायला लागल्यावरच पत्नीला मागे बसवा.